कर्ब मातीचा, करार कोणाचा?

2015 या एकाच वर्षात तीन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी फारसे कोणाला वाटले नसावे. 19 फेब्रुवारी रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा शुभारंभ केला आणि शेतकऱ्यांच्या हाती आपापल्या मातीचा लेखी अहवाल पडू लागला. 18 जून रोजी पोप फ्रान्सिस यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. सृष्टीची निगा हा ख्रिस्ती श्रद्धेचा अविभाज्य भाग आहे, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. डिसेंबरात पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सच्या पुढाकाराने ‘दर हजारी चार’ हा उपक्रम पुढे आला. जगातील शेतजमिनींत साठलेला कर्ब दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढविता आला, तर हवामानबदलाचा वेग रोखण्यास मोठा हातभार लागेल, ही त्यामागील कल्पना होती.

आज हे तिन्ही प्रवाह मृदा पत्रिकेवरील एका छोट्या ओळीत एकत्र आले आहेत. ती ओळ म्हणजे ‘सेंद्रिय कर्ब’. आजवर या ओळीकडे शेतकरी फार तर खताची मात्रा ठरविण्यापुरता पाहत असे. आता त्याच आकड्याला बाजारात किंमत येऊ लागली आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीक्षेत्रातील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी एक आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात फळझाडे, बांबू, वनशेती किंवा बिननांगरणीची शेती करणाऱ्या शेतकऱ्यांशी निरनिराळ्या कंपन्या व संस्था दीर्घ मुदतीचे करार करू लागल्या आहेत.

नाशिक धर्मप्रांतात नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे पाच जिल्हे येतात. आपल्या श्रद्धावंतांपैकी फार मोठा वर्ग स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा आहे. त्यामुळे हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा वा सरकारचा राहत नाही. मातीत कर्ब कसा साठतो, आपल्या भागात तो साठविण्याचे मार्ग कोणते आणि त्याचा मोबदला म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मातीचे धन

वनस्पती हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले शरीर घडवितात. पाने गळतात, मुळे कुजतात, जनावरांचे शेण रानात पडते. या साऱ्यांतील कर्बाचा बराच भाग जिवाणू व बुरशी खाऊन टाकतात आणि तो पुन्हा हवेत जातो. थोडा भाग मात्र मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकतो. काळ्याभोर, भुसभुशीत मातीला जो एक वास असतो, तो या जिवंत व्यवहाराचाच वास होय. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात अंदाजे 1500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. संपूर्ण वातावरणात जेवढा कर्ब आहे, त्याच्या जवळपास दुप्पट हा साठा भरतो. यावरून मातीचे महत्त्व ध्यानात यावे.

महाराष्ट्रातील माती परीक्षण अहवालांत 0.40 टक्क्यांपर्यंतचा सेंद्रिय कर्ब ‘कमी’ समजला जातो. राज्यातील कितीतरी शेतांचे आकडे याच पातळीच्या आसपास घुटमळतात. यामागे उष्ण हवामान हे एक कारण आहे, कारण तापलेल्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात. परंतु सारा दोष उन्हाला देता येणार नाही. घरची जनावरे कमी झाली, तसे शेणखत कमी झाले. ट्रॅक्टरमुळे नांगरट खोल आणि वारंवार होऊ लागली. उघडी पडलेली माती पहिल्या वळवाबरोबर वाहून जाऊ लागली. पिकाचे अवशेष कुजविण्याऐवजी पेटवून देणे सोयीचे वाटू लागले. जमिनीतून दरवर्षी काढत राहायचे आणि परत काही ठेवायचे नाही, हा व्यवहार कोणत्याही पतपेढीत फार काळ चालत नाही.

कर्ब कमी झाला की माती घट्ट होते, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि रासायनिक खताचा परिणामही उतरतो. सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन किती पाणी धरून ठेवते, याविषयी काही वेळा फुगवून दावे केले जातात, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि मातीची घडण सुधारते, पाणी जिरते, मुळे खोल जातात आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली तर पीक तग धरते, हा अनुभव खरा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने या पंधरा दिवसांवरच वर्षाचा निकाल अवलंबून असतो.

एका धर्मप्रांतातील तीन प्रदेश

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पूर्वेस सिन्नर-येवल्याकडे तो पाचशेच्या घरात येतो. त्यामुळे कर्ब साठविण्याची एकच पद्धत सर्वांना सांगून चालत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत भात, नागली आणि वरई ही मुख्य पिके आहेत. येथे शतकानुशतके ‘राब’ भाजण्याची पद्धत चालत आली आहे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत रोपांच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात ते पेटवून देतात. त्यामुळे तणाचे बी मरते, राखेतून पोषण मिळते आणि रोपे जोमदार येतात. आदिवासी शेतकऱ्याने ही पद्धत अज्ञानातून स्वीकारलेली नाही. ब्रिटिश अमदानीतही जंगल खात्याने राबावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाबा भागात मोठा असंतोष माजला आणि 1885 मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. आजही राब बंद करा, असा नुसता हुकूम सोडून काही साधणार नाही. शेतकऱ्याच्या हाती तितकाच भरवशाचा दुसरा मार्ग द्यावा लागेल.

असे मार्ग आहेत. गादीवाफ्यावर कुजलेले खत घालून, राब न भाजता रोपे तयार करता येतात. रायगड जिल्ह्यातील नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा भात तंत्र’ याहून पुढे जाते. त्यात कायमस्वरूपी गादीवाफे एकदाच तयार करतात. पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी यांपैकी काहीही करीत नाहीत. साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून बी टोकतात आणि कापणीनंतर पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. मुळांचा कर्ब मातीत राहतो, श्रम वाचतात आणि पाणी साचलेल्या भातखाचरातून बाहेर पडणारा मिथेन वायूही कमी होतो. या पद्धतीत तणनाशकाचा वापर होतो, हा तिच्यावरील आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. उताराच्या वरकस जमिनीवर ‘वाडी’ हा दुसरा पर्याय आहे. मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने 1982 मध्ये दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे तो सुरू केला आणि पुढे नाशिकच्या आदिवासी भागातही नेला. साधारण एकरभर जमिनीत आंबा-काजूची कलमे, कडेने वनझाडांचे कुंपण आणि मधल्या मोकळ्या जागेत नेहमीची पिके, असे तिचे स्वरूप असते. झाड वाढते तसा कर्ब खोडात साठतो आणि उतारावरची माती जागच्या जागी राहते.

दिंडोरी व निफाड हा द्राक्षांचा पट्टा आहे. येथे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांत काड्यांचे ढीग निघतात. पूर्वी ते बांधावर नेऊन जाळणे ही सर्रास रीत होती. आता अनेक बागायतदार यंत्राने काड्यांचा भुगा करून तो वेलीच्या बुडाशीच पसरतात. दोन ओळींमध्ये ताग किंवा गवत वाढवून त्याचे आच्छादन करणारेही आहेत. हे साधे बदल आहेत. परंतु ज्याच्याकडे यंत्र, पाणी आणि भांडवल आहे, त्याला ते सोपे जातात, हेही विसरता कामा नये. या बागांतील छाटणीची व विरळणीची कामे ज्या टोळ्या करतात, त्यांतील कितीतरी माणसे पेठ-सुरगाण्यातूनच आलेली असतात. आपल्या डोंगरावरची माती आणि पाणी त्यांना वर्षभर पोसू शकत नाही, म्हणून ती खाली उतरतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर व कोपरगाव हा उसाचा प्रदेश आहे. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांना ही शिवारे परिचित आहेत. एक हेक्टर उसातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. ते पेटविले तर काही मिनिटांत कर्ब धुरावाटे जातो आणि मातीच्या वरच्या थरातील जीवसृष्टीही होरपळते. तेच पाचट सरीत पसरून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकले तर खोडव्याला खत मिळते आणि पाण्याची बचत होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ही शिफारस वर्षानुवर्षे केली आहे. ती ऐकणारे वाढत आहेत, तरी तोडणीनंतरचा धूर अजून पुरता थांबलेला नाही.

दरेवाडीने काय शिकविले?

या चर्चेत आपल्याच धर्मप्रांतातील एका कार्याचे स्मरण करणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडहून 1948 मध्ये भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरद्वारे दुष्काळी गावांत काम उभे केले. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला जे हादरे दिले, त्यांतून विहिरी खोदण्यापूर्वी डोंगर सावरले पाहिजेत, हा विचार बळावत गेला. फादर बाखर यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम साकारला. नाबार्ड त्यात सहभागी झाली. 1993 मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. फादर बाखर 2021 मध्ये प्रभूच्या विसाव्यात गेले.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कार्यक्रमातील एक गाव. 1996 पासून पाच वर्षे तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडे व गवत लावले गेले. 2005 च्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस’ या आंतरराष्ट्रीय अहवालाने या गावाची नोंद घेतली. पूर्वी जेथे शेतावर वर्षातून तीन-चार महिनेच काम मिळत असे, तेथे ते नऊ-दहा महिने मिळू लागले, असे त्यात म्हटले आहे. गावाला हवे होते पाणी. परंतु उघड्या माळावर जे गवत उगवले, जी मुळे मातीत शिरली, बांधाआड जो गाळ अडला, त्या सर्वांत कर्बही साठतच होता. कर्ब साठविण्यासाठी वेगळा प्रपंच करावा लागला नाही. माती जगविली, की तो आपोआप साठतो.

दरेवाडीचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर झाले नाही. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांना गावाने एकत्र बसून मान्यता दिल्याशिवाय असा प्रकल्प उभा राहत नव्हता. एकाने झाड लावले आणि दुसऱ्याच्या शेळीने ते खाल्ले, तर ना झाड राहील ना कर्ब. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांचाही अनुभव तोच आहे.

आणि तिसरा धडा कटू आहे. चराईबंदीचा पहिला भार मेंढपाळांवर आणि भूमिहीनांवर पडला. ज्यांची जमीन होती, त्यांच्या विहिरींना पाणी वाढले. ज्यांच्याकडे केवळ चार शेळ्या होत्या, त्यांचे कुरण बंद झाले. पाणलोटाच्या कामावरील मजुरीने व पुढे वाढलेल्या शेतमजुरीने ही झळ काही अंशी भरून निघाली, पण ती सर्वांना सारखी बसली नव्हती. सार्वजनिक हिताची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न प्रत्येक चांगल्या योजनेला विचारावाच लागतो.

एक साधा हिशेब

आता कार्बन बाजाराकडे वळू. त्याची मूळ कल्पना अशी : एखाद्या उद्योगाने हवेत जितका कर्बवायू सोडला, तितका दुसऱ्या कोणी तरी मातीत वा झाडांत साठविला, तर त्या साठवणुकीचे प्रमाणपत्र उद्योगाने विकत घ्यावे. एक टन कर्बवायू म्हणजे एक ‘कार्बन क्रेडिट’. शेतकऱ्याला नवे उत्पन्न, पृथ्वीला दिलासा, असे हे आकर्षक चित्र आहे.

ते तपासण्यासाठी आपण वहीवर हिशेब करू. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 800 टन माती असते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब 0.40 वरून 0.50 टक्क्यांवर न्यावयाचा, म्हणजे 0.8 टन कर्ब वाढवावयाचा. कर्बवायूच्या वजनात तो सुमारे 3 टन होतो. एवढी वाढ सहज होत नाही. शेणखत, आच्छादन, कमी नांगरणी या सर्वांची जोड देऊन त्यास पाच वर्षे लागली असे धरू. एका टनाला हजार रुपये मिळाले असेही समजू. तरी पाच वर्षांचे एकरी 3000 रुपये, म्हणजे वर्षाला 600 रुपये झाले. त्यातून मातीची मोजणी, तपासणी, नोंदणी आणि मध्यस्थाचा हिस्सा वजा जावयाचा आहे. एक ट्रॉली शेणखताची किंमतही याहून अधिक असते. झाडांच्या बाबतीत आकडा मोठा येतो हे खरे, पण झाड तोडले की तो साठा संपतो. म्हणूनच वृक्षांचे करार अनेकदा वीस वर्षांहून अधिक मुदतीचे असतात.

या हिशेबावरून मातीतील कर्ब निरुपयोगी ठरत नाही. शेतकऱ्याचा खरा लाभ प्रमाणपत्रात नसून पिकात, पाण्यात आणि वाचलेल्या खतात आहे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. जो कोणी केवळ क्रेडिटच्या पैशाकडे बोट दाखवून सही मागतो, त्याच्या शब्दावर विसंबण्यापूर्वी थांबले पाहिजे.

सहीपूर्वीचे प्रश्न

पहिला प्रश्न जमिनीच्या नावाचा आहे. करार सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्याच्याशी होतो. वाट्याने कसणारा, सालाने राबणारा आणि शेतात सर्वाधिक कष्ट उपसणारी स्त्री यांची नावे बहुधा त्या उताऱ्यावर नसतात. आदिवासी भागात तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून हजारो शेतकरी पायी निघाले आणि 12 मार्च रोजी मुंबईत पोहोचले. त्यांत सुरगाणा व आसपासच्या तालुक्यांतील आदिवासींचा मोठा भरणा होता आणि वनहक्क कायद्यानुसार कसत असलेल्या जमिनी नावावर व्हाव्यात, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्या रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. 2006 च्या या कायद्याने मिळणारा हक्क वारसाने पुढे जातो, परंतु तो विकता वा हस्तांतरित करता येत नाही. अशा जमिनीवरील झाडांच्या कर्बावर मालकी कोणाची, हे स्पष्ट झाल्याविना कोणताही कागद पुढे सरकता कामा नये.

दुसरा प्रश्न मुदतीचा. आज चाळिशीतील शेतकरी वीस वर्षांच्या करारावर सही करतो, तेव्हा तो आपल्या मुलाचे निर्णयही बांधून ठेवत असतो. मध्येच विहीर आटली, झाडे जळाली किंवा मुलीच्या आजारपणासाठी ती तोडावी लागली, तर नुकसानभरपाई कोणी कोणाला द्यावयाची, हे मराठीत लिहून घेतले पाहिजे.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. बाजाराच्या नियमानुसार मोबदला नव्याने केलेल्या साठवणुकीचाच मिळतो. ज्याने बांधावरची झाडे पिढ्यान्‌पिढ्या राखली, ज्या गावाने पंचवीस वर्षांपूर्वी डोंगर हिरवा केला, त्याच्या वाट्याला काही येत नाही. ज्याने कधी माती राखली नाही, तो आता राखू लागला तर त्याला मात्र पैसे मिळतात. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील थोरल्या भावाची तक्रार येथे कोणाच्याही ओठी यावी. त्या घरात निदान थोरल्याची समजूत काढायला बाप बाहेर आला होता. बाजारात तसे कोणी बाहेर येत नाही.

चौथा प्रश्न विकत घेणाऱ्याचा. प्रमाणपत्र घेणारा उद्योग स्वतःचा धूर कमी करणार आहे, की केवळ त्याची किंमत मोजून मोकळा होणार आहे? ‘लाऊदातो सी’च्या 171 व्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस यांनी नेमकी हीच भीती व्यक्त केली. कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून नवी सट्टेबाजी उद्भवू शकते, आणि काही देशांचा व समूहांचा अतिरेकी उपभोग तसाच चालू ठेवण्याची ती एक युक्ती ठरू शकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. 2023 च्या ‘लाऊदाते देऊम’ या पत्रात त्यांनी जगाच्या संथ पावलांबद्दल आपली चिंता अधिक तीव्रपणे मांडली. पेठच्या डोंगरावर नागली पिकविणाऱ्या कुटुंबाने हवा बिघडविण्यात जवळजवळ काहीच भाग घेतलेला नाही. ती सावरण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर, तेही स्वस्तात, टाकले जात असेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही.

असे असले तरी सर्वच करार वाईट आणि सर्वच संस्था लबाड, अशी सरसकट भूमिका घेणेही योग्य नव्हे. प्रामाणिकपणे रोपे, तांत्रिक सल्ला आणि पहिल्या कठीण वर्षांत आधार देणारा कार्यक्रम शेतकऱ्याच्या हिताचा ठरू शकतो. फळबाग फळाला येईपर्यंतची चार-पाच वर्षे गरीब कुटुंबाला काढणे जड जाते, तेथे थोडी रक्कमही उपयोगी पडते. एकट्याने घासाघीस करणारा शेतकरी आणि गट करून बोलणारे शेतकरी यांच्यातील अंतर नाशिकला नव्याने सांगावयास नको. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, ती लहान-मोठ्या बागायतदारांनी एकत्र येऊन बाजाराशी बोलण्याचे ठरविले म्हणूनच. कर्बाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू आहे. करार करावयाचाच झाल्यास तो गटाने करावा, ग्रामसभेत वाचून करावा.

ख्रिस्तसभेने काय करावे?

लेवीयच्या पुस्तकातील पंचविसावा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, आणि जमीन कायमची विकू नये कारण ती परमेश्वराची आहे, माणूस तिच्यावर पाहुणा म्हणून राहतो, अशी तेथे आज्ञा आहे. मातीचा विसावा आणि गरिबाचा हक्क या दोन गोष्टी एकाच अध्यायात, एकाच श्वासात येतात, हे अर्थपूर्ण आहे. कर्बाच्या प्रश्नातही त्या एकमेकींपासून तोडता येणार नाहीत.

धर्मग्रामांच्या पातळीवर काही गोष्टी आजच शक्य आहेत. आपल्या अनेक मिशन केंद्रांकडे, शाळांकडे व वसतिगृहांकडे थोडीफार जमीन आहे. तेथील पालापाचोळा पेटविला जातो की कुजविला जातो, हे प्रथम पाहावे. त्या जमिनीची माती तपासून घ्यावी आणि तिचा सेंद्रिय कर्ब किती आहे, हे सूचनाफलकावर लावावे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून तो आकडा शेजारी लिहावा. शंभर प्रवचनांपेक्षा तो फलक शेतकऱ्याशी अधिक बोलेल. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ आपण पाळतो. जुलै 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनी सृष्टीच्या निगेसाठीच्या नव्या मिस्सा विधीनुसार मिस्साबलिदान अर्पण केले. या काळात रोप लावून छायाचित्र काढण्यावर समाधान न मानता, गेल्या वर्षी लावलेली रोपे जगली किती, याची मोजदाद व्हावी.

दुसरी जबाबदारी वाचनाची आहे. गावात एखादा करार आला, तर तो मोठ्याने, मराठीत आणि गरज असल्यास कोकणी वा भिल्ली बोलीत समजावून सांगणारा कोणी तरी सुशिक्षित माणूस हवा. धर्मग्रामातील शिक्षक, वकील व महाविद्यालयीन युवक ही सेवा देऊ शकतात. शेतकरी ख्रिस्ती आहे की नाही, हे तेथे पाहावयाचे नाही. फादर बाखर यांनीही पाणलोटाच्या कामात ते पाहिले नव्हते.

संत लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. तीन वर्षे फळ न आल्याने मालक ते तोडून टाकावयास सांगतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो आणि तेवढ्या अवधीत झाडाच्या बुडाशी खणून खत घालण्याचे वचन देतो. पुढे काय झाले, हे प्रभू येशू सांगत नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील माणसाला हा दृष्टांत वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. मालकाची नजर हिशेबावर होती, माळ्याची मुळांवर. आज आपल्या मातीकडे हिशेबाच्या नजरेने पाहणारे अनेक जण येतील. त्यांच्याशी जरूर बोलावे, हिशेब नीट समजून घ्यावा आणि न पटल्यास सही नाकारावी. पण करार होवो वा न होवो, खणून खत घालण्याचे काम या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. त्यासाठी कोणाच्याही सहीची आवश्यकता नाही.